कारखान्यातला हात, परळची सुई

चाकणच्या एखाद्या मोटार कारखान्याची बॉडी शॉप ज्याने पाहिली आहे, त्याला रोबोट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. यंत्राचा हात वाकतो, ठिणग्या उडतात, आणि वेल्डचा ठिपका दर वेळी ठरल्या जागीच पडतो. बजाज ऑटोने २०१० मध्ये माणसांच्या शेजारी उभे राहून काम करणारे छोटे ‘कोबॉट’ आणले, आणि चाकणच्या जुळणीच्या लाइनवर मुलीही ते सहज हाताळू लागल्या. टाटा समूहातल्या पुण्याच्या ‘टाल’ कंपनीने २०१७ मध्ये ‘ब्राबो’ नावाचा देशी यंत्रहात विक्रीला काढला. त्यामुळे पिंपरी-चिंचवडकराला यंत्रहाताचे अप्रूप नाही, आणि भीतीही नाही.

पण हाच हात प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या बायोप्सीत वापरतात, असे सांगितले की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. “म्हणजे सुई रोबोट टोचणार?” हा पहिला प्रश्न. उत्तर सरळ आहे : टोचत नाही. तो नेम धरतो. सुई डॉक्टरच आत सरकवतात.

नेम धरायचा तर आधी निशाण दिसायला हवे, आणि नेम लागल्यावर हाती आलेला कण वाचणारा माणूस हवा. या दोन्ही गोष्टी यंत्रासोबत खोक्यातून येत नाहीत. त्या एखाद्या संस्थेत वर्षानुवर्षे साठत जातात. महाराष्ट्रात अशी साठवण कुठे झाली हे पाहायचे असेल, तर परळला जावे लागते. टाटा मेमोरियलची वाटचाल इथे सांगायची आहे ती त्यासाठी. संस्थेचा संपूर्ण इतिहास इथे मावणार नाही. सुई, ती पोचवण्याची जागा आणि तिने आणलेला तुकडा, एवढ्याच धाग्याने मी जाणार आहे.

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटाही गेले. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने मुंबईत कॅन्सरसाठी स्वतंत्र इस्पितळ उभारायचे ठरवले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. दुसरे महायुद्ध सुरू होते. कॅन्सर म्हणजे नशिबाचा फेरा, त्यावर वेगळे इस्पितळ कशाला, असे मानणाऱ्यांचा तो काळ होता. उपचारात शस्त्रक्रिया होती आणि किरणोपचार होता. कॅन्सरवरची औषधे अजून यायची होती.

या सुरुवातीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक नेमणूक. प्रयोगशाळांची जबाबदारी वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ होते, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याचा अर्थ लावणारे. आपल्याकडे इस्पितळाचे मोठेपण सर्जनच्या नावावरून ठरते. परळलाही डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्यासारखा सर्जन होताच. इस्पितळासमोरच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. पण कॅन्सर आहे की नाही, असेल तर कोणत्या जातीचा, हे सांगतो तो काचपट्टीवरचा तुकडा, आणि खानोलकरांनी त्या तुकड्याला इस्पितळात मानाची जागा मिळवून दिली. त्यांची नजर तुकड्याच्या पलीकडेही जाई. कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाखाली होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडला. रोग कुठे होतो आणि नेमका तिथेच का होतो, हा त्यांचा प्रश्न होता.

१९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. तिथे काम करणाऱ्यांत पुण्याच्या कमल रणदिवे होत्या. माहेरच्या समर्थ, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. अमेरिकेत शिकून आल्यावर त्यांनी इथे ऊती-संवर्धनाची, म्हणजे जिवंत पेशी काचपात्रात वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या केंद्राच्या प्रमुखही झाल्या. पद्मभूषण मिळूनही त्यांचे नाव त्यांच्याच शहरात किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर फारसे सुखावणारे नसेल.

इस्पितळ १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. कॅन्सरचे इस्पितळ अणुऊर्जेवाल्यांकडे कशाला, असे आजही लोक विचारतात. प्रोस्टेटच्या पुढच्या गोष्टीत याचे उत्तर मिळेल. १९६६ मध्ये इस्पितळ आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत डोनाल्ड ग्लिसन या विकृतिशास्त्रज्ञाने प्रोस्टेटच्या तुकड्यांना गुण देण्याची पद्धत मांडली. पेशींची रचना किती बिघडली आहे यावरून गुण द्यायचे आणि सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोन नमुन्यांच्या गुणांची बेरीज करायची. आज बायोप्सीच्या अहवालात ‘३+४=७’ असे दिसते ते हेच. बेरीज सातच असली तरी ३+४ आणि ४+३ यांत फरक आहे. दुसऱ्यात जास्त बिघडलेल्या पेशींचे राज्य असते. अहवाल हाती आल्यावर नातेवाईक ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’ एवढेच विचारतात. खरे तर विचारायचा तो हा आकडा. काही कमी गुणांच्या गाठींना नुसते नजरेखाली ठेवले तरी चालते.

आणखी एक काम परळ-भोईवाड्यातच उभे राहिले. इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. दा. ज. जस्सावाला यांच्या पुढाकाराने, १९६३ मध्ये मुंबई कॅन्सर नोंदवही सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ती पहिली नोंदवही. शहरातल्या इस्पितळा-इस्पितळांतून फिरून कोणाला, कोणत्या वयात, कुठला कॅन्सर झाला याची नोंद करायची, असे हे कष्टाचे काम आहे आणि त्याचा सत्कार कोणी करत नाही. दहाएक वर्षांत पुण्याचीही नोंदवही सुरू झाली. या नोंदींतूनच कळले की दिल्ली, कोलकाता, तिरुवनंतपुरम यांच्याप्रमाणे पुण्यातही पुरुषांच्या कॅन्सरमध्ये प्रोस्टेट दुसऱ्या क्रमांकावर आला आहे. मुंबई आणि बंगळुरूत तो तिसरा. पूर्वी हा गोऱ्या लोकांचा आजार समजला जाई. आयुर्मान वाढले, शहरी राहणी आली, तपासण्या वाढल्या. कारण एकच नाही. पण पुण्याच्या पट्ट्यातल्या पुरुषाने हा आजार आपला नाही असे म्हणायचे दिवस संपले.

पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत यात वयाचा हिशेब मिसळायला हवा. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पाठोपाठ बजाज, टेल्को, सँडविक. साताऱ्या-सांगलीहून, मराठवाड्यातून, खेड-मावळातून विशीतली पोरे इथे आली, शिफ्टमध्ये राबली, त्यांनी प्राधिकरणात आणि भोसरीत घरे बांधली. चाकणचा पट्टा त्यांच्या मुलांचा. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातले उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्या पहिल्या पिढीतली माणसे आता पासष्ट ते ऐंशीच्या घरात आहेत, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर नेमक्या याच वयाचा. धार बारीक झाली, रात्री तीन-चारदा उठावे लागते, हे बागेतल्या बाकावर हसत हसत सांगितले जाते. ‘वय झाले’ म्हणून सोडूनही दिले जाते. बहुतेक वेळा ती नुसती वाढलेली ग्रंथीच असते हे खरे. पण नुसत्या लक्षणांवरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. शिवाय सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा काहीच त्रास नसतो.

पीएसए नावाची रक्ततपासणी १९८०च्या दशकात आली आणि या आजाराचा चेहरा बदलला. पीएसए वाढलेले म्हणजे कॅन्सर, असे मात्र नाही. ग्रंथी मोठी असली, जंतुसंसर्ग झाला, नुकताच कॅथेटर घातला असला तरी ते वाढते. शंका उरली तर बायोप्सी. इथे सुईचा प्रश्न सुरू होतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तळाशी, गुदाशयाच्या पुढे बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. एके काळी गुदद्वारातून बोट घालून गाठ चाचपायची आणि बोटाच्या आधाराने सुई घालायची, एवढेच शक्य होते. १९८९ मध्ये अमेरिकेत हॉज, मॅकनील आणि स्टेमी यांनी सोनोग्राफीत पाहत ठरावीक सहा जागांतून तुकडे घेण्याची पद्धत मांडली. पुढे सहाचे दहा-बारा झाले. पण सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, कॅन्सर बहुधा दिसत नाही. खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याने पाण्याचा अंदाज नसताना रानात समान अंतरावर बारा बोअर मारावेत, तसा हा प्रकार होता. पाणी लागलेही, पण पुष्कळदा दोन बोअरच्या मधून झरा निसटला. उलट ज्याचा काही त्रास होणार नव्हता असा बारीकसा कॅन्सर सापडून माणूस विनाकारण शस्त्रक्रियेला सामोरा गेला.

दुसरी अडचण वाटेची. सुई गुदाशयाच्या भिंतीतून जात असे, म्हणजे शरीरातल्या सर्वांत जंतुमय जागेतून. त्यावर तोडगा प्रतिजैविकांचा. इथे पिंपरीची आठवण होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा जंतूंवर विजय मिळवल्याचीच भावना होती. वसाहतीतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती अजून डोकावते. सत्तर वर्षांनंतर परिस्थिती अशी की बायोप्सीपूर्वी वर्षानुवर्षे दिली जाणारी गोळी अनेक रुग्णांच्या आतड्यातल्या जंतूंना लागूच पडत नाही. वाट्टेल तेव्हा, दुकानातून परस्पर, अर्धवट दिवस प्रतिजैविके खाण्याची ही किंमत आहे. बायोप्सीनंतर दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप येणे आणि जंतू रक्तात उतरणे, हा धोका त्यामुळे वाढला. म्हणून जगभरचे मूत्ररोगतज्ज्ञ हळूहळू वाट बदलू लागले : गुदाशय टाळून, वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घालायची. युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेचा कौलही आता याच वाटेला आहे.

निशाण दिसण्याचा प्रश्न सुटू लागला तो एमआरआयमुळे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ चाचणीत ११ देशांतल्या २५ केंद्रांवरचे ५०० पुरुष होते. निम्म्यांची नेहमीसारखी बायोप्सी झाली. उरलेल्यांचा आधी एमआरआय काढला, डाग दिसला तरच बायोप्सी केली आणि तीही त्या डागातूनच. उपचाराची गरज असलेला कॅन्सर नेहमीच्या पद्धतीत २६ टक्क्यांना सापडला, एमआरआयच्या वाटेने ३८ टक्क्यांना. ज्याला हात लावायची गरज नसते असा किरकोळ कॅन्सर मात्र २२ वरून ९ टक्क्यांवर आला. डाग दिसला नाही म्हणून कित्येकांची सुईच टळली. हे आकडे मला रोबोटच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठे वाटतात.

आता परळकडे परत येऊ. अणुऊर्जा विभागाकडे इस्पितळ गेल्यानंतर वर्षभरातच, १९६३ मध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला टाटाच्या आवारातल्या इमारतीत सुरू झाले. किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात शरीरात सोडायचे आणि ते कुठे साठते हे बाहेरून पाहायचे, हा या शास्त्राचा गाभा. सुरुवातीला थायरॉइडचे रुग्ण होते. २००२ मध्ये इथेच देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट स्कॅन आले. पेटमध्ये गाठीचा नुसता आकार दिसत नाही, तिचे चालू असलेले कामही दिसते. पण नेहमीचे साखरेचे पेट प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा मुके राहते. हा कॅन्सर साखर फारशी ओढत नाही.

ते मौन फोडले पीएसएमए या प्रथिनाने. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींच्या पृष्ठभागावर ते मुबलक असते. त्याला जाऊन चिकटणारा रेणू जर्मनीत हायडेलबर्गला तयार झाला, त्याला गॅलियम-६८ जोडले, आणि २०१२ च्या सुमारास पडद्यावर कॅन्सर दिव्यासारखा उजळून दिसू लागला. गॅलियम-६८ चे अर्धे आयुष्यही ६८ मिनिटांचेच, म्हणून विद्यार्थ्यांच्या ते चटकन लक्षात राहते. एका छोट्या जनित्रातून ते इस्पितळातच काढता येते, सायक्लोट्रॉन लागत नाही. तशाच दुसऱ्या रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडले की तो नुसता दाखवत नाही, मारतोही. ते ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. कॅन्सरचे इस्पितळ अणुऊर्जेवाल्यांकडे का, याचे उत्तर हे.

दरम्यान कारखान्यातला हात वेगळ्या वाटेने इस्पितळाकडे येत होता. १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबोट तापलेले ओतीव भाग उचलू लागला. त्याच युनिमेशन कंपनीने जनरल मोटर्सच्या जुळणीच्या लाइनसाठी १९७८ मध्ये ‘प्यूमा’ नावाचा छोटा, चपळ हात बनवला. जनरल मोटर्स आपल्याला परकी नाही. २००८ मध्ये तळेगावला कारखाना काढून २०२० च्या अखेरीस तो बंद केलेली हीच ती कंपनी. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या इस्पितळात सीटी स्कॅन पाहत मेंदूच्या गाठीची बायोप्सी झाली, तेव्हा सुईचा कोन या प्यूमाने धरला होता. शस्त्रक्रियेच्या इतिहासातला रोबोटचा हा अगदी सुरुवातीचा प्रवेश असा नेम धरण्यासाठीच होता, आणि तोही बायोप्सीत. आज ‘रोबोटिक’ म्हटले की सर्जन पडद्यासमोर बसून चार हात चालवतो ते दा विंची यंत्र डोळ्यांपुढे येते. ते पंधरा वर्षांनी आले.

प्रोस्टेटशी या हाताची गाठ लंडनमध्ये पडली. इम्पीरियल कॉलेजचे ब्रायन डेव्हिस यांनी सुरुवातीचे प्रयोग प्यूमावरच केले आणि मग ‘प्रोबॉट’ हे खास यंत्र बांधले. १९९१ मध्ये त्याने रुग्णाच्या वाढलेल्या प्रोस्टेटचा भाग कापून काढला. डेव्हिस यांच्या हाताखाली शिकलेले न्ग वान सिंग सिंगापूरला परतले. तिथल्या नानयांग विद्यापीठाने आणि सिंगापूर जनरल हॉस्पिटलने मिळून प्रोस्टेटच्या बायोप्सीसाठी यंत्र बनवले. त्याच परंपरेतला, ‘मोनालिसा’ असे गमतीदार नाव असलेला रोबोट आज काही देशांत वापरात आहे.

भारतात या दोन वाटा, पीएसएमए आणि यंत्रहात, एकत्र आल्या त्या चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत. १९६२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी संस्था लोकांमध्ये ‘पीजीआय’ म्हणून ओळखली जाते. तिथल्या अणुवैद्यक विभागाने चेन्नईच्या पर्फिंट कंपनीचा ‘रोबिओ’ हा सुईला दिशा देणारा यंत्रहात पेट-सीटीच्या टेबलाला जोडला. छातीतल्या आणि इतर गाठींवर हात बसल्यावर ते प्रोस्टेटकडे वळले. मूत्ररोग विभागाबरोबर केलेल्या या कामाचा निबंध २०२२ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या मान्यवर नियतकालिकात आला. देशी यंत्र, सरकारी इस्पितळ आणि जगात कोणी फारशी न चोखाळलेली वाट! मुंबई-पुण्याच्या पंचतारांकित इस्पितळांच्या फलकांवर ‘रोबोटिक’ हा शब्द झळकत असताना हे काम सरकारी संस्थेतून पुढे यावे, ही मला समाधानाची गोष्ट वाटते.

प्रत्यक्षात होते असे. रुग्णाला पीएसएमएला चिकटणारे गॅलियमचे द्रव्य टोचतात आणि सुमारे तासाभराने स्कॅन घेतात. त्याला पालथे झोपवतात. पडद्यावर डॉक्टर दोन खुणा करतात : सुई कुठून आत जाईल आणि कुठे थांबेल. संगणक कोन आणि खोली काढतो. यंत्रहात येऊन त्या कोनात एक नळी धरून थांबतो. जागा बधिर करतात, आणि डॉक्टर नळीतून सुई आत सरकवतात. वाट नितंबातून जाते, गुदाशय पूर्ण टळतो. पुन्हा स्कॅन घेऊन टोक उजळलेल्या डागातच आहे ना हे पाहतात आणि मगच सुतासारखे तुकडे घेतात. काही आजारांत रुग्णाचे गुदद्वारच शस्त्रक्रियेने काढलेले असते, तिथे जुनी वाट उरतच नाही. अशांना ही पद्धत विशेष कामाची.

हाताने करणाऱ्या निष्णात डॉक्टरलाही हा कोन साधतो. पण वेल्डिंगचे काम करणाऱ्याला विचारा : पहिला जोड आणि शिफ्ट सुटतानाचा जोड सारखा येतो का? यंत्राचा फायदा तोच. सुई मागे घेऊन पुन्हा घालावी लागण्याचे प्रसंग कमी होतात. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. थोड्या रुग्णांचा कॅन्सर पीएसएमए पेट दाखवतच नाही, तर कधी कॅन्सर नसलेली जागाही उजळते. खर्च आणि किरणोत्सर्गही आहे. सरसकट प्रत्येक वाढलेल्या पीएसएला हा मार्ग लागत नाही. चांगला एमआरआय आणि तो वाचणारा अनुभवी डॉक्टर असेल, तर पुष्कळांचे काम सोनोग्राफीच्या साध्या साधनांनी होते. यंत्रहात घ्यायचा म्हणून रुग्ण शोधणे, हा उलटा व्यवहार.

टाटा मेमोरियलच्या अलीकडच्या वाटचालीतून हाच क्रम दिसतो. खारघरच्या केंद्रातल्या डॉ. वेदांग मूर्ती यांच्या गटाने धोकादायक टप्प्यातल्या २२४ प्रोस्टेट रुग्णांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. किरणे फक्त ग्रंथीला द्यायची की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही, हा प्रश्न होता. लसिकाग्रंथींनाही दिली त्या गटात पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले ९५ टक्के होते, नुसत्या ग्रंथीला दिलेल्यांत ८१ टक्के. यात भाग घेतलेल्या बहुतेकांची आजाराची पातळी पीएसएमए पेटने नीट मोजलेली होती. निशाण आधी, नेम नंतर.

संस्थेने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. २०१२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या पाठबळावर राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड सुरू केली, आणि आज तीनशेहून अधिक संस्था तिच्याशी जोडल्या आहेत. उपचाराची एकसारखी मार्गदर्शक तत्त्वे, औषधांची एकत्रित खरेदी, अवघड रुग्णांवर दूरस्थ चर्चा, हे तिचे काम. चिंचवडहून सिंहगड एक्स्प्रेस धरायची, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहायचे आणि परळच्या रांगेत उभे राहायचे, हा रिवाज आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना पाठ आहे. ग्रिडचा हेतू तो प्रवास कमी करण्याचा आहे.

मग पिंपरी-चिंचवडला काय हवे? महापालिकेकडे, खासगी इस्पितळांकडे आणि सीएसआरचा निधी हाताळणाऱ्या कंपन्यांकडे माझे मागणे असे : यंत्रहाताची फीत कापण्याआधी प्रोस्टेटचा एमआरआय वाचू शकणारी दोन माणसे तयार करा, गुदाशय टाळून बायोप्सी करण्याची सोय गरिबाला परवडेल अशी करा, आणि तुकडे वाचणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाला मशीनच्या खर्चातून थोडा वाटा द्या. हे झाले की यंत्रहात जरूर आणा. चालवायला माणसे इथेच मिळतील.

निवृत्त कामगारांना दोन शब्द. ‘सुई लावली की कॅन्सर चवताळतो’ हे गावोगाव ऐकू येते. सुईच्या वाटेने प्रोस्टेटचा कॅन्सर पसरणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. तुकडा न काढता वर्ष घालवणे मात्र नेहमीचे, आणि महागात पडणारे. त्रास काहीच नसताना सगळ्यांनीच पीएसए करावे का, यावर जगभर मतभेद आहेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने २०१८ मध्ये ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून प्रत्येकाने ठरवावे, असे सांगितले. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर ते बोलणे लवकर करावे. लघवीला त्रास असेल, लघवीत रक्त दिसले, पाठीचे दुखणे हटत नसेल, तर ठरवायला काही उरतच नाही. थेट डॉक्टरांकडे जावे.

पैशाचेही सांगतो. कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे राहून नियत वयाने निवृत्त झालेल्याला, वर्षाला १२० रुपये भरून, स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. मोहननगरच्या विमा रुग्णालयाचे दार निवृत्तीनंतर आपोआप बंद होत नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड आधारवर निघते. ज्यांनी अजून काढले नाही, त्यांनी या आठवड्यात काढून घ्यावे.